आईचा संधिवात आणि मुलीची काळजी

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस झालेल्या बाईंना औषधं लिहून दिली, की निघताना दाराशी थांबून त्या हमखास विचारतात, ‘डॉक्टर, माझ्या मुलीलाही होईल का हो हे?’ स्वतःच्या वाकड्या बोटांपेक्षा ही काळजी त्यांना मोठी वाटते. आज या प्रश्नाविषयीच बोलायचं आहे.

आपण याला सरसकट संधिवात म्हणतो. पण उतारवयात गुडघे झिजतात, तो हा नव्हे. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हा आजार तरुणपणीही होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो.

तो रक्तातून येतो का? याचं उत्तर जुळ्या भावंडांकडून मिळतं. एकबीज जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. ब्रिटनमधल्या अशा जुळ्यांची एक पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. एकाला हा आजार असेल, तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण शंभरात सुमारे १५ निघालं. द्विबीज जुळ्यांत ते चाराच्या आतच होतं. म्हणजे जनुकांचा हात आहे हे नक्की. पण तीच जनुकं असून शंभरातले ८५ जण आजारातून सुटले होते, हेही तितकंच खरं.

जनुकं करतात तरी काय? पीटर स्टॅस्टनी या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ साली दाखवून दिलं, की ‘एचएलए-डीआर ४’ हे प्रथिन या रुग्णांच्या पेशींवर जास्त आढळतं. एचएलए प्रथिन म्हणजे जणू द्रोण. पेशी त्यात प्रथिनांचे तुकडे ठेवून पांढऱ्या पेशींपुढे धरते. तुकडा परका वाटला, की त्या हल्ला चढवतात. या द्रोणाची घडण माणसागणिक थोडी निराळी असते. तिच्यातली ७० ते ७४ क्रमांकांची पाच अमिनो आम्लं ठरावीक प्रकारची असली की धोका वाढतो, असा सिद्धान्त ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी १९८७ साली मांडला.

आता यात सिगारेट येते. धुरामुळे फुप्फुसातल्या काही प्रथिनांत बदल होतो आणि असे बदललेले तुकडे त्या विशिष्ट द्रोणात चांगले बसतात. आई आणि वडील दोघांकडूनही असं जनुक आलेलं असून जे धूम्रपान करत होते, त्यांना या आजाराच्या एका प्रमुख प्रकाराचा धोका, असं जनुक नसलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत २१ पट होता, असं स्वीडनमधल्या २००६ सालच्या अभ्यासात दिसलं. जनुक बदलता येत नाही. सिगारेट सोडता येते.

पुढे २०१४ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आजाराशी निगडित अशा १०१ जागा जनुकसंचात नोंदवल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेकींचा वाटा अगदी लहान आहे. धोक्याचं एचएलए जनुक तर कितीतरी निरोगी माणसांतही असतं. म्हणून मुलीची जनुक तपासणी करून घ्या, असं मी सांगत नाही.

मी आईला एवढंच सांगतो : मुलीला धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, पण बहुतेक मुलींना हा आजार होत नाही. मात्र सकाळी उठल्यावर तिची बोटं तासभर आखडून राहत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर ‘थकवा असेल’ म्हणून अंगावर काढू देऊ नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. उपचार लवकर सुरू झाले, तर सांधे बऱ्याच अंशी वाचवता येतात. तुमची बोटं वाकडी झाली, म्हणून तिचीही व्हायला हवीत असं मुळीच नाही.