औषधांची रोजकीर्द

वृद्ध आई-वडिलांसाठी निवासी शुश्रूषागृह निवडताना कुटुंबीय अनेक गोष्टी बारकाईने पाहतात. खोली हवेशीर आहे का, स्वयंपाक आपल्या पद्धतीचा आहे का, सूर्यास्तापूर्वी भोजन मिळते का, मंदिर जवळ आहे का, याची चौकशी होते. मात्र औषधे कोण देते, कोणत्या कागदावरून देते आणि दिल्याची नोंद कोठे करते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अंथरुणास खिळलेल्या किंवा स्मृती क्षीण झालेल्या वृद्धाच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. कारण समोर आलेली गोळी आपली नव्हे, हे सांगण्याची शक्ती त्याच्यात उरलेली नसते.

इंग्लंडमधील ५५ वृद्धनिवासांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २५६ वृद्धांच्या औषधोपचाराची तपासणी करण्यात आली. त्यांचे सरासरी वय ८५ वर्षे होते आणि प्रत्येकास सरासरी आठ औषधे चालू होती. पाहणीच्या दिवशी दहापैकी जवळजवळ सात जणांच्या औषधांत किमान एक चूक आढळली. प्रत्येक चूक परिचारिकेची नव्हती. काही चुका औषध लिहून देताना, काही औषधाच्या दुकानात, काही आवश्यक तपासण्या न झाल्याने, तर काही प्रत्यक्ष औषध देताना घडल्या होत्या. औषध देत असताना येणारे व्यत्यय, कामाचा ताण, अपुरे प्रशिक्षण आणि डॉक्टर, निवास व औषधविक्रेता यांच्यातील विसंवाद ही कारणे पुढे आली. निष्काळजी व्यक्तीपेक्षा विस्कळीत व्यवस्थाच अधिक दोषी होती.

या व्यवस्थेचा पाया म्हणून परिचारिकांना पाच कसोट्या शिकवल्या जातात : योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. ऐकताना त्या सोप्या वाटतात. त्यांचे महत्त्व व्यवहारात कळते. ‘तुम्हीच अमुक ना?’ असे विचारले, तर गोंधळलेला वृद्ध कोणत्याही नावाला होकार देतो. म्हणून जाणती परिचारिका त्याला स्वतःचे नाव सांगावयास लावते आणि तक्त्यावरील छायाचित्राशी चेहरा पडताळून पाहते. औषधांची नावे परस्परांशी मिळतीजुळती असतात. त्यामुळे वेष्टनावरील नाव कपाटातून काढताना, गोळी हाती घेताना आणि वेष्टन परत ठेवताना, असे तीनदा वाचावयाचे असते.

मात्रेची चूक किती महाग पडते, याचे उदाहरण इन्सुलिनचे आहे. भारतात प्रति मिलिलिटर ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते व त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १०० युनिटचे इन्सुलिन चुकून ४० युनिटच्या सिरिंजने मोजले, तर अडीचपट औषध शरीरात जाते आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. वेळेचेही तसेच आहे. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज दिले गेल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. अशा औषधापुढे ‘साप्ताहिक’ एवढे लिहून भागत नाही. वारही लिहावा लागतो.

गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून देण्याची सवय घरोघरी आहे. परंतु औषध हळूहळू शरीरात सोडणारी गोळी कुटली, तर दिवसभराची मात्रा एकदम उतरते. जिलेटिनचे वेष्टन नको म्हणून कॅप्सूल उघडून देण्यापूर्वीही हाच धोका ध्यानी घ्यावा व दुसऱ्या स्वरूपातील औषध आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. भोजन सूर्यास्तापूर्वी होत असेल किंवा उपवास असेल, तर औषधाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लेखी बदलून घ्यावे. उपाशीपोटी मधुमेहाची नेहमीची मात्रा देणे धोक्याचे असते आणि ती परस्पर बंद करणेही धोक्याचे असते. हा निर्णय परिचारिकेने किंवा मुलांनी आपल्या अंदाजाने घ्यावयाचा नाही.

या सर्वांचा आधार म्हणजे औषधनोंदीचा तक्ता. पेढीवरील रोजकीर्दीचे शिस्तीचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडतात. रक्कम हाती येण्यापूर्वी जमा लिहिणारा मुनीम जसा विश्वासास पात्र ठरत नाही, तशी गोळी घेतली जाण्यापूर्वी सही करण्याची पद्धतही घातक असते. वृद्धाने औषध नाकारले, तर तेही कारणासह लिहावयाचे असते. रिकामी चौकट सर्वांत धोकादायक. कारण पुढच्या पाळीची परिचारिका औषध राहिले असे समजून ते दुसऱ्यांदा देऊ शकते.

कुटुंबीयांचे कर्तव्यही थोडे नाही. सर्व औषधांची, चूर्ण-काढ्यांसह, एकच यादी शुश्रूषागृहाला द्यावी. घरून आणलेली गोळी परस्पर देऊ नये. रुग्णालयातून परतल्यावर जुनी व नवी यादी शेजारी ठेवून डॉक्टरांकडून कोणती औषधे बंद झाली, हे लिहून घ्यावे. परिचारिका औषधे वाटत असताना तिला गप्पांत वा चौकशीत गुंतवू नये. भेटीच्या वेळी गेल्या आठवड्याचा तक्ता पाहावयास मागावा. चांगले शुश्रूषागृह तो संकोच न करता दाखवते.

आणि एखाद्या दिवशी परिचारिकेने स्वतः होऊन सांगितले, की आज औषध देताना चूक झाली, तर आधी डॉक्टरांना बोलवावे. जाब नंतर विचारावा. वेळेत कळलेल्या चुकीवर बहुधा उपाय करता येतो. नोकरी जाण्याच्या भीतीने चूक दडवली गेली, तर ती तक्त्यावर येत नाही आणि त्याची किंमत खाटेवरील वृद्धाला मोजावी लागते.