वनराई बंधाऱ्याच्या कामातील दिरंगाई

शहापूर तालुक्यातील किन्हवली परिसरात व लगतच्या मुरबाड तालुक्यात पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो. परंतु दुथडी वाहणारे तेच ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात. मुंबईला पाणी पुरविणारी भातसा व तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यात घातलेला वनराई बंधारा यावर थोडाबहुत इलाज करतो. मात्र हे काम ओढा वाहता आहे तोवरच उरकावयास हवे. धार आटल्यावर घातलेला बंधारा म्हणजे नुसती गोण्यांची भिंत होय.

दिरंगाई होते ती बहुधा माणसांअभावी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच भातकापणीचे दिवस. शेतकऱ्याने पिकलेले भात टाकून श्रमदानास यावे, ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे. यास्तव ज्यांची हळवी भाते अगोदर निघतात, त्यांच्या मदतीने पाया साफ करणे व गोण्या भरून शिवणे ही कामे उरकावीत. गरवी भाते असणाऱ्यांना रचाईच्या दिवशीच बोलवावे.

एवढे करूनही काम अडले तर कार्यकर्त्याने ते झाकून ठेवू नये. "गोण्या उद्या येतील" या भरवशावर पंधरवडा निघून जातो. ज्याच्याकडे काम सोपविले असेल त्याला प्रथम प्रत्यक्ष भेटून अडचण समजून घ्यावी व नवा दिवस ठरवावा. तोही टळल्यास काम कृषि खात्याचे असेल तर मंडळ कृषि अधिकाऱ्यास, पंचायत समितीचे असेल तर गटविकास अधिकाऱ्यास लेखी कळवावे. तसे करण्यापूर्वी संबंधितास सांगावे, पाठीमागे तक्रार करू नये. काम कोणत्या तारखेपासून अडले, गोण्या किती कमी पडतात, ओढ्याला धार किती उरली आहे व मदत कोणत्या तारखेच्या आत हवी, एवढेच पत्रात असावे. दोषारोपाने गोण्या येत नाहीत.

काठावरील वाटेवरून झालेली कुरबूर तालुक्याला नेण्याचे कारण नाही. ती सरपंचांसमोर जागेवरच मिटते. परंतु बंधाऱ्यामागे फुगलेले पाणी शेजारच्या खाचरातील उभ्या गरव्या भातात शिरेल अशी शंका आल्यास त्याच दिवशी रचाई थांबवून अधिकाऱ्यास जागा दाखवावी. येथे चार दिवसांचा उशीर पत्करावा. सर्वांनी मिळून आधी ते खाचर कापून द्यावे व मगच वरचे थर चढवावेत.