एक वही, दोन सुना

मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवरची वजनाची यंत्रे पुष्कळांना आठवत असतील. नाणे टाकले की दिवे लुकलुकत, चक्र गरगरे आणि वजन व भविष्य छापलेले जाड तिकीट खाली पडे. पैसे मोजून घेणारा कारकून नाही, पावती फाडणारा नाही, आणि ‘उद्या या’ म्हणणारा तर नाहीच नाही! निक साबो या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ची कल्पना मांडली, तेव्हा दाखला दिला तो अशाच, नाणे घेऊन माल देणाऱ्या यंत्राचा. करार कागदावर लिहायचा नाही. तो यंत्राच्या पोटातच घालायचा.

३० जुलै २०१५ रोजी इथीरियमचे जाळे सुरू झाले आणि ही कल्पना व्यवहारात उतरली. तेथील बहुतेक करार सॉलिडिटी नावाच्या संगणकभाषेत लिहितात. करार एकदा जाळ्यावर चढला, की त्याची प्रत हजारो संगणकांवर जाते आणि त्या पत्त्यावरचा मजकूर मग कोणालाही खोडता येत नाही, लिहिणारालासुद्धा. (मजकूर बदलता यावा म्हणून मध्ये एक दलाल-करार उभा करण्याची युक्ती पुढे निघाली, पण दलाल आला की दलालाची भानगडही आली.) अशा करारांच्या ताब्यात लोकांचे खरे पैसे असतात. तेव्हा त्यातील एखादे वाक्य चुकीच्या जागी पडले, तर काय होईल याचा विचार वाचकांनीच करावा.

आता कोणीही करार कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. ‘मालक कोण ते तपासा’, ‘संकट आले तर व्यवहार थांबवा’ अशी ठरलेली कामे जुन्या, पारखलेल्या करारांतून वारशाने घ्यायची अशी रीत आहे. ओपनझेपेलिनचे तयार करार याच कामासाठी जगभर वापरले जातात. वारसाने एखादे काम आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिले, की वडिलांची पद्धत मागे पडते. याला म्हणतात ‘ओव्हररायडिंग’. येथवर सारे सरळ आहे. घोटाळा होतो तो एकाच वारसाला दोन घराणी लाभली म्हणजे.

समजा, एका घरात आजीची चकलीची वही आहे. थोरल्या सुनेने ती उतरवून घेतली आणि भाजणीच्या पानावर धने वाढवले. धाकटीनेही उतरवली, पण तिने त्याच पानावर जिरे वाढवले. पुढे नातीने दोघींच्याही वह्यांचा वारसा सांगितला. आता नातीची भाजणी कोणती? धन्यांची की जिऱ्यांची? आणि आजीचे पान दोन्ही वाटांनी आले, म्हणून डाळी दुप्पट घालायच्या काय? आजी, दोन सुना आणि नात यांचा नकाशा काढला तर पत्त्यातल्या चौकटसारखी आकृती होते. म्हणून या पेचाला ‘डायमंड प्रॉब्लेम’ म्हणतात.

यावरचा तोडगा १९९६ साली डायलन नावाच्या भाषेसाठी मांडला गेला. त्याचे नाव ‘सी-थ्री’. २००३ साली पायथॉनने तो उचलला आणि सॉलिडिटीतही तोच चालतो. सगळ्या घराण्याची एकच रांग लावायची, प्रत्येकाला तीत एकदाच उभे करायचे, आणि कोणीही आपल्या वाडवडिलांच्या मागे जायचे नाही. नातीने ‘थोरली, धाकटी’ असे लिहिले, तर रांग होते नात, धाकटी, थोरली, आजी. म्हणजे शेवटी लिहिलेलीचा शब्द आधी! पायथॉनमध्ये नेमके उलटे, तेथे पहिलीचा मान पहिला. दोन्ही भाषांत लिहिणारांची त्रेधा उडते ती येथेच. आणि ‘धाकटी, आजी’ असे लिहिले, तर सॉलिडिटी करार स्वीकारतच नाही. कारण सुनेआधी आजीचा शब्द मानावा अशी ती मागणी होते आणि रांग लागत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. धाकटीच्या वहीत ‘माझे झाल्यावर वडीलधाऱ्यांचे करा’ असे असेल (सॉलिडिटीत यासाठी ‘सुपर’ हा शब्द आहे), तर तिच्या मनात आजी असते; पण नातीच्या घरात ते वाक्य जाते थोरलीकडे! धाकटीने थोरलीची वही जन्मात पाहिलेली नसली तरीही. आणि धाकटीने ते वाक्य लिहिलेच नसेल, तर थोरलीचे पान मुकाट्याने गळते. चकलीत धने राहिले तर बिघडत नाही. पण थोरलीच्या पानावर ‘पैसे देण्याआधी मालक कोण ते तपासा’ असे असेल तर?

नावाच्या घोळाचा एक खरा किस्सा आहे. कराराच्या जन्मवेळी एकदाच चालणारे, मालक ठरवणारे काम पूर्वी कराराच्याच नावाने ओळखले जाई. २०१६ च्या सुमारास ‘रुबिक्सी’ नावाचा एक करार जाळ्यावर चढला. तो होता पैशाचा पिरॅमिड, म्हणजे फारशी सहानुभूती वाटावी असा धंदा नव्हेच. त्याचे आधीचे नाव ‘डायनॅमिक पिरॅमिड’. बारसे पुन्हा झाले, पण आतल्या त्या कामाचे नाव जुनेच राहिले. झाले! ते जन्मवेळचे काम न राहता चारचौघांसारखे उघडे काम बनले. जो ते चालवी तो मालक ठरे आणि साठलेली फी खिशात घाली. २०१८ मध्ये अशा कामासाठी ‘कन्स्ट्रक्टर’ हा स्वतंत्र शब्द आला आणि त्याच वर्षअखेरीस जुनी रीत बंद झाली.

डिसेंबर २०१९ मध्ये सॉलिडिटीची ०.६ आवृत्ती निघाली आणि वारशालाही शिस्त लागली. ज्याला आपले पान बदलू द्यायचे आहे त्याने ‘व्हर्च्युअल’ असे लिहावे. बदलणाराने ‘ओव्हरराइड’ असे लिहावे. आणि दोन्ही घराण्यांत तेच पान असेल, तर नातीने दोघींचीही नावे घेऊन ते स्वतः लिहावे. पूर्वी पानाच्या नावात एक अक्षर चुकले, तर भाषा गुपचूप नवेच पान जोडी. आता ती हटकते.

एवढे होऊनही रांग मात्र लिहिणाराला डोळ्यांसमोर ठेवावीच लागते. कारण कन्स्ट्रक्टरही तिच्याच क्रमाने चालतात, फक्त उलट्या टोकाकडून: आधी आजीचा, मग थोरलीचा, मग धाकटीचा आणि सर्वांत शेवटी नातीचा. नातीने आपल्या कन्स्ट्रक्टरपुढे त्यांची नावे कोणत्याही क्रमाने लिहिली, तरी!