स्नॅपशॉटवरून बॅकअप
समजा, तुम्ही चालू डेटाबेसच्या २०० जीबी फाइलींची प्रत घेत आहात. तासभर लागतो, आणि तेवढ्यात नोंदी बदलत राहतात. मग प्रतीचा पहिला भाग दहा वाजताचा, शेवटचा अकराचा. अशा प्रतीचा भरवसा नाही.

यावर उपाय म्हणजे स्नॅपशॉट. लिनक्सच्या पारंपरिक एलव्हीएम स्नॅपशॉटमध्ये सुरुवातीला डेटा कॉपीच होत नाही, म्हणून तो क्षणात तयार होतो. पुढे मूळ व्हॉल्यूममधला एखादा ब्लॉक पहिल्यांदा बदलायची वेळ आली, की त्यातला जुना मजकूर आधी राखीव जागेत ठेवला जातो. ही जागा भरली तर स्नॅपशॉट बाद होतो. परीक्षेत हे हमखास राहून जाते. झेडएफएस आणि बीटीआरएफएसमध्ये नवा मजकूर सहसा नव्या ब्लॉकमध्ये जातो, जुना जागीच राहतो.

पण न बदललेले ब्लॉक मूळ व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट यांच्यात सामाईक असतात. डिस्क बिघडली की दोन्ही गेले! म्हणून स्नॅपशॉट माउंट करून त्यातून दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या आणि मग तो काढून टाका. तसाच ठेवलात तर एलव्हीएममध्ये लेखनाचा वेग मंदावतो.