अल्पाकांचें बारसें

अल्पाकाचा कोट ही वस्तु आमच्या आजोबांच्या पिढीस चांगली परिचित होती. वकील, मामलेदार, हेडमास्तर असे लोक तो काळा तुळतुळीत कोट चढवून बाहेर पडत. परंतु ज्याच्या लोकरीपासून तो होतो तो प्राणी त्यांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. आतां काळ असा आला आहे कीं, आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत थोडी जमीन घेऊन तेथें अकरा अल्पाका पाळले आहेत. आणि त्या मळ्यास व जनावरांस शोभतील अशीं अर्थपूर्ण संस्कृत नांवें सुचवावीं, असें आम्हांस लिहिलें आहे. एक यादी धाडून मोकळें होणें सोपें होतें. परंतु प्रश्न दिसतो तितका पोरखेळाचा नाहीं.

अल्पाका हा उंटाच्या कुळांतला, पण वशिंड नसलेला प्राणी. त्याचें घर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या उंच, थंड माळांवर, मुख्यतः पेरू व बोलिव्हिया या देशांत. तेथील लोकांनीं विकुन्या नांवाच्या रानटी प्राण्यापासून सुमारें सहा हजार वर्षांपूर्वीं तो माणसाळविला. त्याच्या दोन जाती : आखूड कुरळ्या लोकरीचा हुआकाया आणि लांब बटा लोंबणारा सुरी. (सुरी हें नांव ऐकून आपल्याकडे भलताच अर्थ होईल, हा भाग निराळा.)

त्या पर्वतांतले धनगर आपल्या जनावरांस काय म्हणतात, हें प्रथम पाहिलें पाहिजे. त्यांच्या क्वेचुआ भाषेंत पांढऱ्यास युराक, काळ्यास याना, तपकिरीस चुंपी. आणि काळा व पांढरा रंग एकमेकांशेजारीं ठसठशीत असेल तर आल्का. आपल्या घरोघरींच्या अलकाताईंशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. अंगावरील रंगांची ठेवण पाहून एखाद्या पक्ष्याचें नांव देण्याचीही चाल आहे. वर्षांतून एकदां कानांत रंगीत लोकरीचे गोंडे ओवून, गाणीं म्हणून या जनावरांचा उत्सव करतात. वाचतांना पोळ्याचीच आठवण होते. आणि आपला शेतकरी तरी दुसरें काय करतो? ढवळ्या, पवळ्या, कपिला हीं सारीं रंगाचींच नांवें. कोश उघडून नांव शोधण्याची पाळी ज्यानें जनावर नीट पाहिलेलें नाहीं त्याच्यावर येते.

मळ्याच्या नांवासाठीं आमच्या मनांत पहिल्यानें 'ऊर्णावती' आलें. ऊर्णा म्हणजे लोकर. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सिंधु नदीस हेंच विशेषण लावलेलें आहे. याहून समर्पक नांव सांपडणें कठीण. परंतु इंग्रजींत 'अर्न' म्हणजे मृताची रक्षा ठेवण्याचा कलश. शेजारपाजारच्या लोकांनीं पाटी वाचून येथें स्मशानाचा धंदा चालतो असा समज करून घ्यावा, हें कोणास रुचेल? जें नांव चार मैलांवरच्या दुकानदारास उच्चारतां येत नाहीं, तें कितीही वैदिक असलें तरी त्या भूमीवर परकेंच राहतें.

या बाबतींत टायटस सॉल्ट या यॉर्कशायरच्या गिरणीवाल्याचें उदाहरण घेण्यासारखें आहे. लिव्हरपूलच्या वखारींत पडून राहिलेले अल्पाकाचे गठ्ठे त्यानें १८३६ च्या सुमारास घेतले व त्यावर अपार संपत्ति मिळविली. पुढें १८५३ सालीं त्याची मोठी गिरणी सुरू झाली व तिच्याभोंवतीं कामगारांसाठीं गांव वसलें. त्यास त्यानें आपलें आडनांव आणि जवळून वाहणारी एअर नदी यांची सांगड घालून 'सॉल्टेअर' म्हटलें. अल्पाकाच्या जिवावर उभ्या राहिलेल्या गांवाच्या नांवांत अल्पाका नाहीं, नदी आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या मळ्यालगत एक ओढा आहे असें कळतें. त्या ओढ्याचेंच नांव मळ्यास द्यावें, असें आम्हीं कळविलें. 'ओहायो' हा शब्दही मुळांत तेथील आदिवासींच्या भाषेंतला, नदीवाचकच आहे.

जनावरांच्या नांवांत मात्र संस्कृतास मोकळीक आहे. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं मुलाच्या नांवाविषयीं याज्ञिकांचें मत दिलें आहे : आरंभीं घोष वर्ण, मध्यें अंतःस्थ, अक्षरें दोन किंवा चार. गृह्यसूत्रकार मुलींस विषम अक्षरें सांगतात. हा नियम हाक मारण्याच्याही सोयीचा आहे. घोष वर्णानें आरंभ होणारें नांव माळावर दूर ऐकूं जातें. त्याप्रमाणें पांढऱ्या मादीस धवला, करडीस धूसरा, तपकिरी नरास बभ्रु, आणि सर्वांत उंच नरास मेरु. अमेरिकन शेजारी धवलेचें 'डवाला' करतील; करोत.

लक्ष्मी, सरस्वती, गायत्री हीं नांवें त्यानें स्वतः सुचविलीं होतीं. तीं आम्हीं साफ नाकारलीं. हीं जनावरें विकलीं जातात. बहुतेक नर खच्ची केले जातात. पेरूंत तर त्यांचें मांसही खातात. उद्यां पैशाची अडचण आली म्हणजे 'लक्ष्मी विकणें आहे' अशी जाहिरात द्यावी काय? खच्ची केलेल्या नरास वीरभद्र म्हणणें ही तर उघड थट्टाच.

नांवानें जीव जडतो, ही गोष्टही त्यास लिहिली. २०१७ सालीं न्यूझीलंडहून इंग्लंडांत आणलेला जेरोनिमो नांवाचा एक अल्पाका क्षयाच्या चांचणींत दोषी ठरला. मालकिणीनें ती चांचणीच सदोष म्हणून चार वर्षें कोर्टांत झगडा केला. लोकांनीं मोर्चे काढले. अखेर ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं सरकारी हुकमानें त्यास मारण्यांत आलें. त्याच रोगापायीं त्या देशांत दरवर्षीं हजारों गाई मारल्या जातात. त्यांच्या कानांत आंकड्यांचा बिल्ला असतो. त्यांच्यासाठीं एवढे मोर्चे निघाल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. तेव्हां नांव ठेवणारानें पुढचें दुःखही पत्करलेलें बरें.

अल्पाकाची गर्भावस्था साडेअकरा महिन्यांची असते आणि एका वेळीं बहुधा एकच पिलूं होतें. येत्या वैशाखांत तेथें तीन माद्या विणार आहेत. त्या पिलांचीं नांवें विद्यार्थ्यानें आगाऊच मागितलीं होतीं. त्यांचा रंग आधीं कळवावा, असें आम्हीं उलट टपालीं लिहिलें आहे.