शकुंतलेची रिकामी जागा

यवतमाळ जिल्ह्यात शकुंतलेचे नाव निघाले की वृद्धांच्या डोळ्यांपुढे कण्वाचा आश्रम न येता, किलिक निक्सन कंपनीच्या अरुंद रुळांवरून कापसाच्या मुलखातून मूर्तिजापूरकडे रमतगमत जाणारी आगगाडी येते. परंतु ते रूळ पडण्यापूर्वीच दुसरी एक शकुंतला महाराष्ट्रभर संचार करू लागली होती, आणि ती पुरुष होती. आमच्याकडील श्रोत्यास यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. दंडारीच्या खेळात गावचाच गडी लुगडे नेसून उभा राहतो, हे तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला होता. नवे होते ते एवढेच की या रूढीस किर्लोस्कर नाटक मंडळीने एखाद्या कचेरीतील हुद्द्याचे स्वरूप दिले.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हा शकुंतला झालेले शंकरराव मुजुमदार हे रूपवान होते, पण गाणारे नव्हते. ही उणीव १८८२ साली बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या तीक्ष्ण, उंच आवाजाने भरून निघाली. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळी पिटातील शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोहोचवावयाचा असे, आणि असा उंच गळा हे केवळ स्त्रीत्वाचे चिन्ह नसून कंपनीच्या उत्पन्नाचे साधनही होते.

अशा गळ्याची गरज युरोपातही भासली होती. पोपच्या अमलाखालील रोम शहरात स्त्रियांस रंगभूमीची बंदी असल्यामुळे ऑपेरातील नायिकांची पदे पुरुषच गात, व तो उंच स्वर टिकावा म्हणून मुलांवर वयात येण्यापूर्वी शस्त्रक्रिया केली जाई. फारिनेल्लीसारखे जगद्विख्यात गवई त्याच क्रूर प्रघाताचे फळ होत. आपल्याकडे शस्त्राचा प्रश्न उद्भवला नाही. पण म्हणूनच, फुटणाऱ्या आवाजाची टांगती तलवार प्रत्येक बालनटाच्या डोक्यावर राहिली. मिसरूड फुटल्यावर ज्याचा गळा शाबूत राहील तोच खरा उमेदवार. बाकीच्यांच्या वाट्यास राजाच्या मागे चवऱ्या ढाळणे येई.

१९०१ मध्ये भाऊराव निवर्तले आणि ती जागा रिकामी पडली. नागठाण्याच्या राजहंसांचा नारायण, ज्यास १८९८ च्या सुमारास, दहा वर्षांचा असताना, टिळकांनी पुण्यास 'बालगंधर्व' म्हटल्याची हकीकत सर्वश्रुत आहे, तो त्या वेळी अद्याप गाणे शिकणारा पोर होता. त्याच्या कानास व्याधी होती. तिचा इलाज मिरजेस झाला तो कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या मेहेरबानीने, आणि मंडळीत त्याचा प्रवेश झाला तोही त्यांच्याच शिफारशीने. १९०५ साली मिरजेस नारायणराव शकुंतला म्हणून उभे राहिले. गंधर्वाचा जन्म स्वर्गात होत असेल, पण त्याची नेमणूक मात्र दरबारी शिफारशीनेच झाली, ही गोष्ट भाविक चरित्रकार घाईघाईने ओलांडून जातात.

त्याहूनही घाईने ओलांडली जाते ती तालीम. गोविंद बल्लाळ देवल, ज्यांची 'शारदा' १८९९ पासून लोकांच्या जिभेवर होती, ते या कामी कठोर होते. शब्दावर आघात कोठे द्यावयाचा, पदर कोणत्या क्षणी सावरावयाचा, पद संपल्यावर संवादात सहजपणे कसे उतरावयाचे, हे पुन:पुन्हा घोटून घेतल्यावाचून मुलास प्रयोगात सोडावयाचे नाही, असा त्यांचा खाक्या होता. नारायणरावांच्या चालण्यात, पाहण्यात आणि थबकण्यात जे स्त्रीत्व कुलीन घरांतील स्त्रियांनीही अनुकरणीय मानले, त्याचा पाया, माझ्या मते, देवलांनी घातला. आवाज नारायणरावांचा, त्या आवाजास घर बांधून दिले मास्तरांनी.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला. पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या होत्या, आणि भामिनी नारायणरावांची. त्याच दिवशी त्यांची कन्या निवर्तली, तरीही ते उभे राहिले. या प्रसंगाचे वर्णन कलेवरील निष्ठा म्हणून केले जाते, आणि ती निष्ठा होतीच. परंतु विकली गेलेली तिकिटे, जमलेला प्रेक्षकवर्ग आणि एका गळ्यावर अवलंबून असलेली अवघी मंडळी यांचा भार किती होता, याचाही विचार केल्यावाचून त्या रात्रीचे मोल कळत नाही.

असा गळा संस्थेच्या मुठीत फार काळ राहत नाही. १९१३ मध्ये नारायणराव, गणपतराव बोडस आणि टेंबे बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. किर्लोस्कर मंडळीची जागा पुन्हा रिकामी झाली. तिने पुन्हा शोध आरंभिला, आणि थोड्याच काळात गोव्याकडील मंगेशीचा दीनानाथ नावाचा एक पोरगा तिच्या बिऱ्हाडी दाखल झाला. १९१८ साली तोही निघून गेला आणि त्याने बळवंत संगीत मंडळी काढली.