फलकावर नसलेला शब्द

संवादफलक या वस्तूने माझे चित्त वेधून घेतले त्याला आता वीस वर्षे लोटली. ज्याच्या मनात पुष्कळ आहे परंतु ज्याच्या जिभेला व ओठांना मेंदूचे हुकूम पाळता येत नाहीत, अशा मनुष्याच्या पुढ्यात चित्रांचा अथवा अक्षरांचा एक तक्ता ठेवावा, त्याने बोटाने, मुठीने किंवा केवळ नजरेने त्यावरील खूण दाखवावी आणि समोरच्याने ती मोठ्याने उच्चारावी, एवढाच हा व्यवहार. पण त्या तक्त्यावर काय असावे याचा निर्णय बहुधा बोलता येणारेच करतात, हे ध्यानात आल्यापासून या विषयाने मला स्वस्थ बसू दिलेले नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली; त्यांची कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलिखित केलेले आत्मचरित्र २०१० साली प्रसिद्ध झाले. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठराव्या वर्षी ती मुदत संपते, आणि अनेकांचे अक्षरशिक्षणही तिथेच थांबते.

आता अशा फलकांना पुढे उपयोगी पडलेल्या एका चित्रलिपीचा कर्ता ब्लिस याच्याविषयी. १८९७ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मलेला हा रसायन अभियंता डाखाऊ व बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांतून सुटून शांघायला पोहोचला, तेथील दुकानांच्या पाट्यांवरील चिनी चिन्हांनी भारून गेला, आणि सर्व राष्ट्रांना समजेल अशी चित्रलिपी रचून १९४९ साली ऑस्ट्रेलियात त्याने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. राष्ट्रांनी तिची दखल घेतली नाही. परंतु १९७१ साली टोरोंटोतील एका केंद्रात, वाचा नसलेल्या मुलांना शिकविणाऱ्या शर्ली मॅकनॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या दृष्टीस ती पडली. हृदयाच्या आकृतीशेजारी वर जाणारा बाण म्हणजे आनंद, खाली जाणारा म्हणजे दुःख. याप्रमाणे मोजक्या खुणा जोडून, कोणी दिलेली नाही अशी कल्पनाही मुलाला स्वतः घडविता येते, हेच या लिपीचे खरे मोल, असे माझे मत आहे.

अक्षरे तर याहून मोकळी. मात्र देवनागरीचा फलक करणे सोपे नव्हे: बाराखडी पूर्ण मांडली तर तो अंगणाएवढा होईल; म्हणून स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडल्याची एक खूण, एवढ्यावर भागवावे लागते.

असा फलक गतवर्षी एका कार्यशाळेत मी पाहिला. तेथील सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या जुन्या तक्त्यावर पाणी, जेवण, संडास, आई, दुखते अशी चित्रे होती. नव्या फलकावर त्याने पाच-सहा मिनिटे घेऊन, व, मग पाय मोडल्याची खूण, मग य आणि काना असे दाखवीत, शब्द पुरा केला: पिशव्या. पुढे: कुठे जातात? सहा वर्षे तो कागदी पिशव्या चिकटवीत होता आणि त्या कोठे जातात हे त्याला कोणी सांगितले नव्हते! त्याच आठवड्यात, त्या पिशव्या जेथे जात त्या औषधांच्या दुकानात त्याला नेण्यात आले. त्याच्या कोपराला कोणाचाही हात लागलेला नव्हता, हेही नमूद करतो. कारण हात धरून लिहविण्याच्या पद्धतीत मजकूर धरणाऱ्याचाच उतरतो, असे परीक्षणांत वारंवार आढळले आहे.

विशीपंचविशीतल्या माणसाला आता काय शिकवायचे, हा प्रश्न मी सुशिक्षित घरांतूनही ऐकतो, आणि ऐकणाऱ्याच्या समक्षच तो विचारला जातो याचे मला दुःख होते. ज्यांच्या घरी असा तरुण वा तरुणी आहे त्यांना माझी विनंती एवढीच की, चित्रांच्या बाजूला अक्षरे लावावीत, उत्तराची घाई करू नये, आणि तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात, सहज बोट पोहोचेल अशा जागी, एक वाक्य न विसरता लिहावे: ‘मला म्हणायचे आहे ते इथे नाही.’